किशोरवयीन महिला फिगर स्केटिंगपटू : तुलना देशांची की नियमांची?

इ. स. २०१७ च्या मार्च महिन्यात तैपेई येथे कनिष्ठ गटाची जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धा पार पडली. मुलींच्या गटात रशियाची अलिना झागितोव्हा पहिली, जपानची मारिन होंडा दुसरी आणि जपानचीच काओरी साकामोतो तिसरी आली. पुढच्याच हिवाळ्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी, झागितोव्हा ऑलिंपिक विजेती झाली. डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी, तिने स्पर्धांतून विश्रांती जाहीर केली आणि त्यानंतरच्या जागतिक स्पर्धांत तिचे नाव आढळत नाही. होंडाला वरिष्ठ गटात तसे यश पुन्हा लाभले नाही. तिसऱ्या क्रमांकाची साकामोतो मात्र इ. स. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे जगज्जेती ठरली.

या तिघींपैकी सरस कोण, आणि त्यावरून सरस देश कोणता, या प्रश्नाचे उत्तर तो कोणत्या वर्षी विचारला यावर अवलंबून आहे. महिला फिगर स्केटिंगची चर्चा बहुधा 'रशियन शाळा', 'जपानी शाळा', 'अमेरिकन परंपरा' अशा शब्दांत होते. हे शब्द अगदीच निरर्थक नाहीत. तथापि देशादेशांतील मुलींची तुलना करताना आपण प्रत्यक्षात दोन गोष्टी मोजत असतो : त्या काळची गुणपद्धती आणि त्या काळची वयोमर्यादा. देशाचे कर्तृत्व या दोहोंतून गाळून आपल्यापर्यंत पोहोचते. प्रस्तुत लेखात हे विधान काही ठळक स्पर्धांच्या आधारे तपासून पाहिले आहे.

गुणांचे गणित

आपल्याकडे स्केटिंग म्हटले की बुटाखालची चाके डोळ्यांसमोर येतात, म्हणून बर्फावरील या खेळाची गुणपद्धती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक खेळाडू दोन कार्यक्रम सादर करते. पहिला लघु कार्यक्रम. त्यात काय करावयाचे हे बऱ्याच अंशी ठरवून दिलेले असते. दुसरा मुक्त कार्यक्रम. तो अधिक दीर्घ असून त्यात निवडीला वाव असतो. प्रत्येक उडीला ठरावीक मूळ गुण असतात. परीक्षक उडीच्या सफाईनुसार त्यात भर घालतात किंवा वजावट करतात. याखेरीज सादरीकरण, रचना, बर्फावरील चाल इत्यादींसाठी वेगळे घटकगुण दिले जातात.

वरवर पाहता ही व्यवस्था समतोल भासते. प्रत्यक्षात तिच्या दोन पारड्यांपैकी एकालाच कमाल मर्यादा होती. बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी, इ. स. २०२२ मध्ये, महिलांच्या मुक्त कार्यक्रमात घटकगुण कितीही उत्तम पडले तरी ऐंशीच्या वर जाऊ शकत नव्हते. उड्यांच्या गुणांना असे छत नव्हते. तीन गिरक्यांच्या 'लुट्झ' उडीचे मूळ गुण ५.९, तर चार गिरक्यांच्या लुट्झचे ११.५ होते. सफाईसाठी मूळ गुणांच्या निम्म्यापर्यंत भर पडू शकत असे. म्हणजे जगातील सर्वांत निर्दोष तिहेरी लुट्झलाही ८.८५ च्या पुढे जाता येत नव्हते, आणि साधीच जमलेली चार गिरक्यांची लुट्झ तिला सहज मागे टाकत असे.

याचा परिणाम बीजिंगमध्ये अगदी स्वच्छ दिसला. महिलांना लघु कार्यक्रमात चार गिरक्यांची उडी घेण्याची मुभा नव्हती. त्या कार्यक्रमात रशियाच्या ॲना श्चेर्बाकोव्हाला ८०.२०, साकामोतोला ७९.८४ आणि रशियाच्या अलेक्सांद्रा त्रुसोव्हाला ७४.६० गुण मिळाले. श्चेर्बाकोव्हा व साकामोतो यांच्यातील अंतर अर्ध्या गुणाहूनही कमी. मुक्त कार्यक्रमात चार गिरक्यांना परवानगी होती. तेथे त्रुसोव्हाने अशा पाच उड्या घेऊन १७७.१३ आणि श्चेर्बाकोव्हाने दोन घेऊन १७५.७५ गुण मिळवले. साकामोतोच्या कार्यक्रमात अशी एकही उडी नव्हती, तिला १५३.२९ गुण पडले. त्याच तिघी, तोच बर्फ, मध्ये फक्त एका दिवसाचे अंतर. एका नियमाखाली जपान व रशिया बरोबरीचे ठरतात आणि दुसऱ्या नियमाखाली त्यांच्यात बावीस गुणांची दरी पडते. सुवर्ण श्चेर्बाकोव्हाला, रौप्य त्रुसोव्हाला व कांस्य साकामोतोला मिळाले. हा निकाल नियमानुसार योग्यच होता. पण त्यावरून दोन देशांच्या स्केटिंगच्या दर्जाविषयी अनुमान काढणाऱ्याने नेमका कोणता दिवस प्रमाण मानावा?

अरुंद देहाचा लाभ

चार गिरक्यांच्या उड्या तेरा ते सतरा वयाच्या मुलींनाच प्रामुख्याने का साधल्या, याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. जमीन सोडल्यानंतर शरीराचा कोनीय संवेग बदलत नाही. वस्तुमान फिरण्याच्या अक्षाजवळ जितके गोळा होईल, तितका गिरकीचा वेग वाढतो. उडीत हात छातीशी घट्ट आवळण्याचे प्रयोजन हेच. हात आवळता येतात, खांदे व नितंब आवळता येत नाहीत. हवेत राहण्याचा काळ सेकंदाहूनही कमी असल्याने अरुंद बांध्याच्या मुलीला जी गिरकी पूर्ण करता येते, ती दोन वर्षांनी उंची व वजन वाढल्यावर तिलाच अपुरी पडू लागते. मुलांच्या बाबतीत वयात येताना स्नायूंचे बळ वाढून ही हानी बरीचशी भरून निघते. मुलींच्या बाबतीत ती सहसा तशी भरून निघत नाही.

अपवाद आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. रशियाचीच एलिझावेता तुक्तामिशेवा इ. स. २०१५ मध्ये जगज्जेती झाली आणि इ. स. २०२१ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तिहेरी ॲक्सेल ही साडेतीन गिरक्यांची उडी घेत जागतिक रौप्यपदकाची मानकरी ठरली. जपानच्या मिकी आंदोने इ. स. २००२ मध्ये कनिष्ठ गटात चार गिरक्यांची उडी यशस्वी केली होती. स्पर्धेत अशी उडी साधणारी ती पहिली महिला. आंदो पुढे इ. स. २००७ व २०११ मध्ये जगज्जेती झाली, परंतु या उडीच्या बळावर नव्हे. बालवयातील असाधारण कौशल्य आणि प्रौढ कारकीर्द या दोहोंचा संबंध सरळ रेषेचा नाही, हे तिच्या उदाहरणातून ध्यानात येते.

नियम बदलला, नकाशा बदलला

या खेळात असे पूर्वीही घडले आहे. 'फिगर' हा शब्दच मुळी बर्फावर पात्याने कोरावयाच्या आकृत्यांवरून आला. दीर्घकाळ एकूण गुणांत या आकृत्यांचे वजन मोठे होते. इ. स. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शुबा मुक्त स्केटिंगमध्ये सातवी असूनही आकृत्यांतील प्रभुत्वामुळे सुवर्णपदक विजेती ठरली, तर मुक्त स्केटिंगमध्ये पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन तिसऱ्या स्थानी राहिली. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना हा निकाल उमगणे कठीण होते. आकृत्यांचे महत्त्व क्रमाने घटवण्यात आले आणि इ. स. १९९० नंतर त्या मोठ्या स्पर्धांतून बाद झाल्या. जपानच्या मिदोरी इतोने इ. स. १९८८ मध्ये तिहेरी ॲक्सेल साधून दाखवली व पुढच्या वर्षी ती जगज्जेती झाली. परंतु त्याच १९८८ मधील कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये आकृत्यांत मागे पडल्यामुळे तिला पाचव्या स्थानावर समाधान मानावे लागले होते.

इ. स. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील जोडी प्रकाराच्या निकालावरून वादंग उठल्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि प्रत्येक उडीचा हिशेब ठेवणारी नवी पद्धत आली. जुन्या पद्धतीत परीक्षक क्रम ठरवत असत. नव्या पद्धतीत बेरीज क्रम ठरवते. बेरजेची पद्धत आली की बेरीज वाढवण्याचे शास्त्रही विकसित होते. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातील उड्यांना दहा टक्के अधिक गुण मिळत, म्हणून इ. स. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये झागितोव्हाने सर्व उड्या उत्तरार्धातच घेतल्या. मुक्त कार्यक्रमात तिचे व तिचीच सहकारी एव्हगेनिया मेदवेदेवा हिचे गुण समान, म्हणजे १५६.६५ होते, सुवर्णपदक लघु कार्यक्रमातील आघाडीवर ठरले. त्याच वर्षी संघटनेने हा लाभ लघु कार्यक्रमात शेवटच्या एका व मुक्त कार्यक्रमात शेवटच्या तीन उड्यांपुरता मर्यादित केला.

रशियाचा दशकभराचा दबदबा या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. इ. स. २०११ ते २०२० या काळात झालेल्या दहा कनिष्ठ जागतिक स्पर्धांपैकी नऊ स्पर्धांत मुलींचे विजेतेपद रशियाकडे गेले, इ. स. २०१६ ची मारिन होंडा हा एकमेव अपवाद. ही नऊ विजेतेपदे सात मुलींनी मिळवली. त्या सातपैकी पुढे वरिष्ठ गटात जगज्जेत्या किती झाल्या? दोन : मेदवेदेवा आणि झागितोव्हा. एकीच्या मागोमाग दुसरी तयार असे, त्यामुळे देशाचे स्थान अबाधित राहिले. व्यक्तीचे मात्र तसे नव्हते. इ. स. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या युलिया लिप्नित्स्कायाने इ. स. २०१७ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि आहारविकारावर उपचार घेतल्याचे स्वतः सांगितले. देशाच्या पदकतालिकेत अशा गोष्टींसाठी रकाना नसतो.

याउलट कोरियाच्या यशाचा आरंभ एका व्यक्तीपासून झाला. इ. स. २००५ च्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत माओ आसादा पहिली व युना किम दुसरी होती. पुढच्या वर्षी हा क्रम उलटला. दोघींचा जन्म सप्टेंबर १९९० मधला. इ. स. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये किमला २२८.५६, तर एकूण तीन तिहेरी ॲक्सेल घेणाऱ्या आसादाला २०५.५० गुण मिळाले. येथे उडीचा अवघडपणा नव्हे, तर सफाई व घटकगुण निर्णायक ठरले. किमला पाहून बर्फावर उतरलेल्या मुलींची पिढी नंतर पुढे आली; इ. स. २०२३ मध्ये ली हे-इन हिने जागतिक रौप्य आणि २०२४ मध्ये किम चे-यॉन हिने कांस्यपदक मिळवले.

वयाची रेषा

इ. स. १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये नॉर्वेची सोन्या हेनी अकरा वर्षांची होती. ती शेवटची आली आणि पुढील तिन्ही ऑलिंपिक स्पर्धा तिने जिंकल्या. वयाचे बंधन कडक झाले ते इ. स. १९९६ मध्ये, वरिष्ठ जागतिक स्पर्धेसाठी हंगामापूर्वीच्या १ जुलैपर्यंत पंधरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक ठरले. अमेरिकेची तारा लिपिन्स्की आधीच जागतिक स्पर्धेत उतरलेली असल्याने तिला सूट मिळाली. ती १९९७ मध्ये चौदाव्या वर्षी जगज्जेती झाली आणि १९९८ मध्ये नागानो येथे नऊपैकी सहा परीक्षकांनी तिला मिशेल क्वानच्या वर स्थान दिले.

इ. स. २०२२ च्या जूनमध्ये ही मर्यादा टप्प्याटप्प्याने सतरा वर्षांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. त्याला तात्कालिक निमित्त पंधरा वर्षांच्या कामिला वालियेव्हाच्या प्रकरणाचे होते. २५ डिसेंबर २०२१ रोजी घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे प्रतिबंधित हृदयविकाराचे औषध आढळले होते. बीजिंगमध्ये तिला खेळू देण्यात आले. मात्र जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिला चार वर्षांसाठी अपात्र ठरवले आणि सांघिक सुवर्ण अमेरिकेकडे गेले. युक्रेन युद्धामुळे मार्च २०२२ पासून रशियन खेळाडू जागतिक स्पर्धांतून वगळले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये अडेलिया पेत्रोस्यान हिला तटस्थ खेळाडू म्हणून ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत प्रवेश मिळाला. त्यामुळे इ. स. २०२२ ते २०२५ या चार जागतिक स्पर्धांत जपान व अमेरिकेने मिळवलेले यश वयोमर्यादेचे फळ किती आणि रशियाच्या अनुपस्थितीचे किती, हे वेगळे काढता येत नाही. अभ्यासकाने या काळातील आकडे त्या सावधगिरीनेच वापरावेत.

याच काळात अमेरिकेच्या ॲलिसा लिऊची कारकीर्द घडली. ती इ. स. २०१९ मध्ये तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली, त्याच वर्षी तिने चार गिरक्यांची लुट्झ साधली, सोळाव्या वर्षी निवृत्त झाली, महाविद्यालयात गेली आणि दोन वर्षांनी परतली. मार्च २०२५ मध्ये बॉस्टन येथे ती जगज्जेती झाली तेव्हा तिच्या कार्यक्रमात चार गिरक्यांची उडीही नव्हती आणि तिहेरी ॲक्सेलही नव्हती.

वयाची रेषा कोठेतरी ओढावीच लागते आणि ती ओढली की कोणीतरी तिच्या पलीकडे राहते. माओ आसादाने डिसेंबर २००५ मध्ये ग्रां प्री अंतिम स्पर्धेत जगज्जेत्या इरिना स्लुत्स्कायाला हरवले, पण वयाला सत्त्याऐंशी दिवस कमी पडल्याने ती दोनच महिन्यांनी झालेल्या तुरिन ऑलिंपिकला मुकली. तेथे तिच्याच देशाची चोवीस वर्षांची शिझुका आराकावा सुवर्णपदक घेऊन गेली. जपानची माओ शिमादा हिचे नाव या आसादावरूनच ठेवलेले आहे. तिने इ. स. २०२३, २०२४ व २०२५ अशी तीन कनिष्ठ जागतिक विजेतेपदे मिळवली आणि तिन्ही वेळा कोरियाची शिन जी-आ दुसरी आली. शिनचा जन्म मार्च २००८ चा, शिमादाचा ३० ऑक्टोबर २००८ चा. इ. स. २०२६ च्या मिलान ऑलिंपिकसाठी १ जुलै २०२५ पूर्वी सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. वयाच्या अटीत तिन्ही वेळची उपविजेती बसली. विजेती चार महिन्यांनी बसली नाही.