बेळ्ळंदूर ते बॉन : शिष्यवृत्तीचा हिशेब आणि परतफेड

बंगळुरूच्या आग्नेय दिशेला बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगत बेळ्ळंदूर वसले आहे. एके काळी शेतमळ्यांचे गाव असलेल्या या परिसरात आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि उंच गृहसंकुले उभी आहेत. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, नागपूर अशा गावांहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली आहेत. गणेशोत्सवात आरतीचे सूर ऐकू येतात आणि त्याच गॅलरीतून शहरातील सर्वांत मोठा तलावही दिसतो. हा तलाव २०१५ नंतर जगभर गाजला, पण सौंदर्यामुळे नव्हे. सांडपाण्यातील साबण-रसायनांमुळे त्यावर फेसाचे डोंगर साचले. २०१७ च्या फेब्रुवारीत आणि २०१८ च्या जानेवारीत तर तलावाच्या परिसरात आग भडकली. पाण्याला आग लागते, हे दृश्य येथील मुलांनी शाळेत जाता-येता पाहिले.

ही मुले आता महाविद्यालयांत आहेत. त्यांच्यापैकी कोणी पर्यावरण अभियांत्रिकी शिकतो, कोणी रसायनशास्त्र, तर कोणी विदाविज्ञान. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास घरोघरी एकच विषय निघतो. युरोपातील एखाद्या विद्यापीठात उन्हाळी प्रशिक्षणासाठी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी जाता येईल काय? आणि त्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : पैशांचे काय?

या दुसऱ्या प्रश्नापाशी अनेक स्वप्ने थांबतात. वस्तुतः गुणवान विद्यार्थ्याला परदेशी पाठविण्यासाठी दुसऱ्याने हात पुढे करण्याची परंपरा मराठी समाजाला नवी नाही. तिचा इतिहास समजून घेतला, तर आजच्या शिष्यवृत्त्यांचे नियमही अधिक चांगले उमगतात.

कर्जरूपी विद्यादान

बंगळुरूमधील भारतीय विज्ञान संस्थेला जुने लोक आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणून ओळखतात. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेमागे जमशेटजी टाटांचे स्वप्न होते. त्याआधीच, म्हणजे १८९२ मध्ये, त्यांनी भारतीयांच्या परदेशातील उच्च शिक्षणासाठी निधी उभारला होता. या निधीचे वैशिष्ट्य असे, की मदत दान म्हणून नव्हे तर कर्ज म्हणून दिली जाई. शिकून कमावता झालेला विद्यार्थी रक्कम परत करी आणि तीच रक्कम पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडे. सुरुवातीच्या टाटा विद्यार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांचा समावेश होता. स्त्रियांना शाळेत धाडणेही अनेकांना मानवत नव्हते, अशा काळात एक मराठी स्त्री वैद्यकाच्या पुढील शिक्षणासाठी समुद्रापार गेली. पुढे केंब्रिजला गेलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर हेही टाटा विद्यार्थीच होते.

साडेअकरा पौंडांची मासिक रक्कम

परदेशी शिष्यवृत्तीचे मराठी मनाला सर्वांत परिचित असलेले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून ते १९१६ मध्ये लंडनला आले आणि ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

या घटनेकडे आर्थिक नियोजनाच्या दृष्टीने पाहिले, तर एक कटू सत्य दिसते. शिष्यवृत्तीची मुदत आणि शिक्षणाची मुदत एकच असते असे नाही. गुणवत्ता, जिद्द, प्रवेश सारे असूनही केवळ निधी संपल्यामुळे विद्यार्थ्याला माघारी फिरावे लागते. बाबासाहेबांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांची जोड देऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदविले होते, मात्र तेथील शिक्षण पूर्णत्वास गेले नाही. लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली आणि त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. रुपयाच्या मूल्याचा प्रश्न ज्याने अभ्यासिला, त्या विद्यार्थ्याने रुपया आणि पौंड यांतील अंतर स्वतःच्या खिशातही अनुभवले होते.

इरावती कर्वे यांची कथा याहून वेगळी आहे. १९२८ मध्ये त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या, तेव्हा सासरे महर्षी कर्वे यांची त्यास अनुकूलता नव्हती. पती दिनकर कर्वे मात्र ठामपणे पाठीशी राहिले. खर्चासाठी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेण्यात आले. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी जे कार्य केले, ते सर्वश्रुत आहे.

संस्थानिकाची शिष्यवृत्ती, उद्योगपतीचा निधी, स्नेह्याचे कर्ज आणि स्वतःची बचत, असे चार मार्ग या उदाहरणांतून दिसतात. आजच्या विद्यार्थ्याला जावे लागते ते याच मार्गांनी. फक्त त्यांचे स्वरूप संस्थात्मक झाले आहे.

युरोपची आजची दारे

युरोपीय देशांनी १९८७ मध्ये ‘इरॅस्मस’ योजना सुरू केली. सोळाव्या शतकातील डच विद्वानाचे नाव मिळालेल्या या योजनेतून पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी एकमेकांच्या विद्यापीठांत शिकावयास गेले. २००४ पासून ‘इरॅस्मस मुंडस’ या नावाने युरोपबाहेरील विद्यार्थ्यांसाठीही दार उघडले. तेव्हापासून या शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी सातत्याने आघाडीवर राहिले आहेत.

इरॅस्मस मुंडसची रचना समजून घेण्याजोगी आहे. अनेक देशांतील विद्यापीठे एकत्र येऊन एक संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवितात आणि विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो. शिष्यवृत्तीधारकाला शिक्षणशुल्क भरावे लागत नाही. २०२१ नंतरच्या योजनेत त्याला दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, देण्याची तरतूद करण्यात आली. म्हणजे एकूण ३३,६०० युरो. प्रवास, व्हिसा, निवास आणि भोजन हे सारे यातूनच भागवावयाचे असते. अर्ज कोणत्याही मध्यस्थाविना थेट त्या अभ्यासक्रमाकडे करावयाचा असतो आणि बहुतेक अभ्यासक्रमांची अर्जाची मुदत ऑक्टोबर ते जानेवारी या काळात असते. एका सत्रापुरते परदेशी जाणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांसाठी इरॅस्मसचा वेगळा विभाग आहे, पण त्यासाठी आपल्या महाविद्यालयाचा युरोपातील विद्यापीठाशी करार असणे आवश्यक असते. ही चौकशी महाविद्यालयाच्या कार्यालयातच करावी लागते.

जर्मनीची ‘डाड’ ही विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था १९२५ पासून कार्यरत असून तिचे मुख्यालय बॉन येथे आहे. ज्या नगरीत बाबासाहेबांचे शिक्षण अपुरे राहिले, तेथूनच आज जगभरच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या वाटल्या जातात, हा योगायोग मनात घर करतो. या संस्थेने भारतातील निवडक अभियांत्रिकी व विज्ञान संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी प्रशिक्षणाची ‘वाइज’ योजनाही राबविली. तिच्यात जर्मन प्राध्यापकाशी पत्रव्यवहार करून त्यांची संमती मिळविण्याचे काम विद्यार्थ्यालाच करावे लागे. प्रशिक्षणाच्या बहुतेक योजनांत हाच शिरस्ता असतो. फ्रान्समध्ये नोबेल विजेते पदार्थवैज्ञानिक जॉर्ज शार्पाक यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, तर ब्रिटनमध्ये चेव्हनिंग आणि राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या आहेत.

सीमेवरचा प्रश्न

बेळ्ळंदूरच्या मराठी कुटुंबासमोर मात्र आणखी एक अडचण असते. महाराष्ट्र शासन अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. इतर घटकांसाठीही राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत. परंतु या योजनांसाठी महाराष्ट्राचा रहिवास सिद्ध करावा लागतो, तर कर्नाटकाच्या योजनांसाठी कर्नाटकाचा. वडिलांचा दाखला एका राज्याचा, मुलीचे शिक्षण दुसऱ्या राज्यातले, अशी स्थिती असलेल्या घरात दोन्हीकडून नकार येण्याचा संभव असतो. म्हणून रहिवास व जात यांची कागदपत्रे अर्जाच्या वर्षी नव्हे, तर महाविद्यालयात प्रवेश घेतानाच तपासून घ्यावीत. १९५४-५५ पासून चालत आलेली केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती राज्याच्या रहिवासाशी बांधलेली नाही. पात्र घटकांतील विद्यार्थ्यांनी तिचा विचार अवश्य करावा.

शिष्यवृत्तीपूर्वीचे तीन महिने

शिष्यवृत्ती मंजूर झाली की खर्चाची चिंता मिटली, असा अनेक पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात पहिला हप्ता साधारणतः विद्यार्थी तेथे पोहोचून बँकेत खाते उघडल्यावर हाती पडतो. विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा, खोलीची अनामत, थंडीचे कपडे हा सारा खर्च त्याआधीच करावा लागतो. ज्यांना शिष्यवृत्ती नाही, त्यांच्यासाठी आकडे आणखी मोठे आहेत. जर्मनीत शिकावयास जाणाऱ्याने एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम विशेष खात्यात आधीच ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो ठरविण्यात आली. त्यातून विद्यार्थ्याला दरमहा ठराविक रक्कमच काढता येते.

येथे बँकेचे साहाय्य मोलाचे ठरते. बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परदेशी शिक्षणासाठीच्या चार लाखांवरील कर्जात विद्यार्थ्याचा स्वतःचा वाटा १५ टक्के धरला आहे. विशेष म्हणजे मिळालेली शिष्यवृत्ती या वाट्यात धरता येते. समजा, एकूण खर्च २० लाख रुपये असेल, तर कुटुंबाचा वाटा ३ लाखांचा होतो. विद्यार्थ्याला ३ लाखांची शिष्यवृत्ती असेल, तर तोच वाटा पूर्ण होऊन उरलेल्या १७ लाखांसाठी कर्जाचा अर्ज करता येतो. आंशिक शिष्यवृत्तीला क्षुल्लक मानून नाकारू नये, ते यासाठीच.

विनिमय दराचाही विचार करावा लागतो. २०२५ मध्ये युरोने शंभर रुपयांची पातळी ओलांडली. कर्ज रुपयांत मंजूर होते आणि खर्च युरोत होतो. त्यामुळे मंजुरीनंतर रुपया घसरला, तर कर्ज अपुरे पडते. युरोत मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला ही झळ लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये अभ्यासिलेला रुपयाचा प्रश्न असा आजही विद्यार्थ्याच्या दारात उभा आहे. अंदाजपत्रक करताना दरातील चढउतारासाठी काही रक्कम राखून ठेवणे शहाणपणाचे.

काही नियम माहीत असलेले बरे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेनुसार निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. शिक्षणासाठी मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून पाठविलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून उगमस्थानी कर गोळा केला जात नाही. दीर्घ शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थी परकीय चलन नियमांनुसार अनिवासी ठरतो. म्हणून त्याच्या येथील बचत खात्याचे स्वरूप बदलून घेण्यासाठी शाखेत कळवावे. आणखी एक सावधगिरी : ‘तुमची निवड झाली आहे, प्रक्रिया शुल्क अमुक खात्यात भरा’ असा संदेश आला आणि ते खाते एखाद्या खासगी व्यक्तीचे असले, तर रक्कम भरण्यापूर्वी विद्यापीठाकडे थेट विचारणा करावी.

परतफेड कोणती?

बडोद्याच्या शिष्यवृत्तीला नोकरीची अट होती. टाटा निधीला रकमेच्या परतफेडीची होती. इरॅस्मस मुंडस मात्र पदवीनंतर पैसेही परत मागत नाही आणि नोकरीही. मग ऋण फिटले असे समजावे काय?

बॉन शहर ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेले आहे. ही नदी एके काळी युरोपचे गटार म्हणून कुप्रसिद्ध होती. १९८६ मध्ये बाझेलजवळच्या रसायन-गोदामाला आग लागली, विझविताना वापरलेले पाणी विषारी द्रव्यांसह नदीत गेले आणि असंख्य मासे मेले. त्या आघातानंतर नदीकाठच्या देशांनी १९८७ मध्ये संयुक्त कृती कार्यक्रम हाती घेतला. कारखाने आणि शहरे यांचे सांडपाणी शुद्ध करण्यावर मोठा खर्च झाला आणि काही वर्षांनी नाहीसा झालेला सालमन मासा नदीत पुन्हा दिसू लागला. आगीने एका नदीची दैना जगाला दाखविली, तशीच दुसऱ्या आगीने एका तलावाची दाखविली. फरक आहे तो नंतरच्या वर्षांत केलेल्या कामाचा.

बेळ्ळंदूरच्या गॅलरीतून फेस पाहत वाढलेली एखादी मुलगी उद्या ऱ्हाईनच्या काठी सांडपाणी-शुद्धीकरण शिकेल, तेव्हा तिच्या हाती येणाऱ्या शिष्यवृत्तीमागे अनेकांचा पैसा असेल. युरोपातील करदात्यांचा, आईवडिलांच्या बचतीचा आणि कदाचित एखाद्या बँकेच्या ठेवीदारांचाही. कर्जाचे हप्ते ठरल्या दिवशी फिटतील. तलावाचा हप्ता मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो. तो तिने स्वतःहून भरावयाचा असतो.