छातीतील साधी गाठ : दुर्लक्ष नको

छातीत गाठ आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की घरातील माणसांच्या तोंडचे पाणी पळते. ती कर्करोगाची नाही असे कळले, की तीच माणसे निर्धास्त होऊन शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. ही चूक महागात पडू शकते.

पोटात गाठ वाढली तर पोट पुढे येते. छाती हा मात्र फासळ्यांचा पिंजरा. त्यात हृदय, फुप्फुसे, श्वासनलिका, अन्ननलिका व मोठ्या रक्तवाहिन्या दाटीने असतात. साधी गाठही वाढताना यांनाच दाबते. सुरुवातीला बहुधा काहीच त्रास नसतो. पुढे कोरडा खोकला, उताणे झोपल्यावर दम लागणे, घास अडकणे, चेहरा व मानेच्या शिरा फुगणे अशी लक्षणे दिसतात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे करून घ्यावा. प्रत्येक जुना खोकला क्षयाचाच असतो असे नाही.

काही गाठी कण्याजवळ मज्जातंतूंपासून होतात. काही जन्मापासूनच्या पेशींतून वाढतात. त्यांत केस, चरबी, क्वचित दातही सापडतात. यात करणी-भानामती काही नसते.

या गाठी सहसा औषधाने विरघळत नाहीत. सीटी स्कॅननंतर छातीचे मधले हाड उघडून किंवा दोन फासळ्यांमधून गाठ काढतात. लहान असल्यास दुर्बिणीने. मोठी गाठ श्वासनलिका दाबत असेल तर भूल देतानाच धोका असतो. म्हणून उताणे झोपवत नसेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. काढलेली गाठ तपासणीस जाते; तो अहवाल जपून ठेवावा.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस छातीत नळी असते. खोल श्वासाचे व्यायाम नेमाने करावेत. मधले हाड कापले असल्यास ते सांधेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, पाण्याचा हंडा, भाताचे भारे उचलू नयेत.

पहिल्या तपासणीसाठी कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढील उपचारांसाठी परळचे केईएम, भायखळ्याचे जे. जे. ही रुग्णालये कर्जत-खोपोलीकरांना लोकलने गाठता येतात. जाताना रेशनकार्ड व आधारकार्ड न्यावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करावी. गाठ लहान असतानाच गेलात, तर शस्त्रक्रियाही सोपी होते.