क्षत्रप म्हणजे कोण?

निवडणुका आल्या की मराठी वर्तमानपत्रांत ‘प्रादेशिक क्षत्रप’ हमखास वाचायला मिळतात. आपल्या भागावर पकड असलेला पुढारी, असा त्याचा आजचा अर्थ. मी या शब्दाचा माग काढला, तेव्हा तो थेट प्राचीन इराणात पोचला. तिथे त्याचा अर्थ होता ‘राज्य राखणारा’.

इराणचा सम्राट पहिला दरायस याच्या साम्राज्यात प्रत्येक प्रांतावर एक क्षत्रप असे. कर गोळा करणे, न्याय देणे आणि युद्धात फौज पाठवणे ही त्याची कामे. आजच्या कंदाहारभोवतीच्या प्रांताचा क्षत्रप होता विवान. इ.स.पू. ५२२ मध्ये दरायस गादीवर आला आणि जागोजागी बंडे झाली. एका बंडखोराने विवानवर फौज धाडली. विवानने ती मोडून काढली. राजा दूर होता, प्रांत हातात होता, तरी तो फिरला नाही. दरायसने त्याचे नाव बेहिस्तूनच्या कड्यावर कोरवले.

पण सगळेच विवान नसतात. म्हणून काही किल्ल्यांवरचे अधिकारी क्षत्रपाच्या हाताखाली न ठेवता थेट सम्राटाला जबाबदार असत. शिवाजी महाराजांनी एकेका गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत नेमले, त्यामागेही हीच सावधगिरी होती.

पुढे शकांनी हे पद भारतात वापरले. आपल्या महाराष्ट्रावर राज्य करणारा नहपान नाशिकच्या लेण्यांत ‘क्षत्रप’ आहे, जुन्नरच्या लेखात ‘महाक्षत्रप’ आणि नाण्यांवर ‘राजा’! गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे.

असे जुने लेख वाचणारी, त्यांचे ठसे जपणारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुरालेख शाखा आपल्या म्हैसुरातच आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

मित्रांनो, उद्या आपल्याही खांद्यावर पदाची चिन्हे येतील. ‘राखणारा’ या शब्दाचा अर्थ ‘मालक’ कधी झाला, हे नहपानाच्या लोकांना कळलेही नसेल. आपल्याला मात्र तो फरक रोज लक्षात ठेवावा लागेल.