बोथट गोळी आणि तिचा साचा
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या पावसाळ्यात जिल्हा क्रीडासंकुलातील नेमबाजीच्या कक्षात मी प्रथमच पाऊल टाकले, तेव्हा प्रशिक्षक सरांनी एअर पिस्तुलाच्या छर्ऱ्यांची डबी माझ्यापुढे उघडली. छर्रे पाहून माझी निराशाच झाली. गोळी म्हणजे टोकदार, एवढे ज्ञान मला चित्रपटांनी दिले होते. हे छर्रे कमरेत बारीक, खाली घेरदार आणि तोंडाशी अगदी सपाट. जणू कोणी त्यांचे टोक छाटून टाकले आहे. "सर, हे असे बोथट का?" असे मी विचारले. सरांनी उत्तर न देता लक्ष्याचा कागद पुढे केला. कागदावर शिवणयंत्रातून काढावे तसे नीटस गोल छिद्र होते.

नेमबाजीत छिद्राची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. टोकदार किंवा गोल तोंडाचा छर्रा कागदाला ढकलतो आणि फाडतो. फाटलेले कागदाचे तंतू परत मिटतात व छिद्र प्रत्यक्षापेक्षा लहान दिसते. सपाट तोंडाचा छर्रा कागदाची चकती कापून काढतो. म्हणजे एका रेषेवर ९ की १० हा निवाडा छर्ऱ्याच्या तोंडाच्या धारेवर ठरतो!

एवढ्यावर हा विषय संपला असता. परंतु पुढे रद्दीच्या दुकानात नेमबाजीचे एक जुने अमेरिकन मासिक मिळाले आणि त्यात असे दिसले की तेथील पिस्तूलबाज आपल्या गोळ्या घरी ओततात. साच्यांची चित्रेही होती. ती पाहून मला आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, आठवले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पण वितळलेल्या शिशाची भाषा आमच्या घरात दोन पिढ्या बोलली जाते. आबांनी तरुणपणी एका टाइप फाउंड्रीत छापखान्याचे खिळे ओतण्याचे काम केले. तेव्हा मासिक घेऊन मी थेट त्यांच्यापुढे बसले. पुढील माहितीत अर्धे मासिक आहे आणि अर्धे आबा.

अमेरिकेत 'बुल्सआय' या नावाने ओळखली जाणारी स्पर्धा एका हाताने, उभे राहून खेळतात. पूर्ण सामन्यात २७० गोळ्या आणि २७०० गुण असतात. तीन प्रकारची पिस्तुले वापरावी लागतात : ०.२२ इंचाचे, ०.३२ किंवा अधिक व्यासाचे आणि ०.४५ इंचाचे. ५० यार्डांवर १० मिनिटांत १० गोळ्या सावकाश झाडायच्या. मग २५ यार्डांवर ५ गोळ्या २० सेकंदांत आणि शेवटी ५ गोळ्या केवळ १० सेकंदांत. ५० यार्डांवरील १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास ३.३६ इंच, म्हणजे चहाच्या पेल्याच्या तोंडापेक्षा थोडा मोठा. ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी कँप पेरी येथे १९०७ साली राष्ट्रीय सामने प्रथम भरले व ते स्थान या खेळाची पंढरी बनले. एका सामन्याला २७० गोळ्या, तर सरावाला किती लागत असतील? ०.२२ ची काडतुसे कारखान्यातूनच घ्यावी लागतात. बाकी दोन पिस्तुलांसाठी शिसे ओतले की खर्च आवाक्यात येतो.

मला वाटले होते, साचा निवडणे म्हणजे पिस्तुलाचे माप सांगून वस्तू घेणे. तसे नाही. ही निवड लक्ष्याच्या कागदापासून उलट्या दिशेने करावी लागते : आधी कागद, मग अंतर, मग पिस्तूल, शेवटी साचा.

कागदाला हवी असते सपाट तोंडाची गोळी. ०.३८ च्या पिस्तुलासाठी १४८ ग्रेन, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास वजनाची, डब्याच्या आकाराची 'वॉडकटर' गोळी याच कामाची. ती काडतुसाच्या तोंडाशी समपातळीत बसवतात. बाहेर काहीच दिसत नाही. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९६१ मध्ये 'मॉडेल ५२' हे पिस्तूल खास अशाच काडतुसासाठी काढले. गोळीसाठी पिस्तूल बनावे, हे उदाहरण मला फार गमतीचे वाटते.

परंतु ०.४५ चे कोल्ट जातीचे पिस्तूल मूळ सैन्यासाठी बनलेले. त्याला २३० ग्रेनच्या गोल तोंडाच्या गोळीची सवय. तोंड गोल असल्याने काडतूस उतरणीवरून घसरत नळीत शिरते. सपाट डबा तेथे अडकतो, आणि १० सेकंदांत ५ गोळ्या झाडताना काडतूस अडकले म्हणजे सामनाच गेला. यातून निघालेली तडजोड म्हणजे 'सेमी-वॉडकटर' : पुढे निमुळते नाक, नाकाचे टोक छाटलेले आणि नाकाच्या मुळाशी धारदार खांदा. नाक पिस्तुलाची समजूत घालते, खांदा कागद कापतो. हेन्सली अँड गिब्स या आता बंद झालेल्या कंपनीचा ६८ क्रमांकाचा २०० ग्रेनचा साचा या वर्गात इतका मान्य झाला की इतरांनी त्याच घाटाचे साचे काढले. लायमन कंपनीचा ४५२४६० हाही २०० ग्रेनचाच. वजन २३० वरून २०० वर आणले की हाताला बसणारा धक्काही कमी होतो. एका हाताने झपाट्याने झाडणाऱ्याला हे महत्त्वाचे.

आता व्यास. ०.४५ च्या तांब्याच्या वेष्टणाच्या गोळीचा व्यास ०.४५१ इंच असतो. ओतीव शिशाची मात्र सर्वसाधारणपणे ०.४५२ घेतात. हा हजारांश इंच म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. पण गोळी नळीपेक्षा किंचितही बारीक राहिली तर मागचा तप्त वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, शिसे नळीच्या खाचांत माखते आणि नेम बिघडतो. म्हणून जाणकार आधी मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून बाहेर काढतात, त्याचे माप घेतात आणि मग साच्याची मागणी करतात.

येथवर आबा मुकाट्याने ऐकत होते. गोळीच्या बुडाचा उल्लेख आला तेव्हा ते सावरून बसले. साच्यावर एक सरकती पट्टी असते. तिच्या भोकातून धातू ओततात, आणि तो थिजला की पट्टी सरकवून वरचे शेपूट कापतात. ते कापले जाते गोळीच्या बुडाशी. नाकावर बारीकसा खड्डा राहिला तर फारसे बिघडत नाही. पण बुडाची कड एका बाजूस गोलावली असेल तर नळीतून बाहेर पडताना वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला तिरके ढकलतो. "आमच्याकडं उलटं," आबा म्हणाले. "खिळ्याचं शेपूट पायाशी मोडायचं, पण मालकाचा डोळा तोंडावर. 'क'चा काना तुटला की सगळी ओत परत भांड्यात." म्हणजे खिळ्यात मान तोंडाला आणि गोळीत बुडाला! म्हणूनच बुडाला तिरकी कड ठेवलेले साचे काडतुसात गोळी बसवायला सोपे असले, तरी पुष्कळ जण साफ सपाट बूडच पसंत करतात.

साचा कशाचा घ्यावा? अॅल्युमिनियमचा हलका व स्वस्त, पटकन तापतो, पण मऊ असल्याने जपावा लागतो. लोखंडी साचा जड, उष्णता धरून ठेवणारा आणि गंजणारा. पितळी साचा गंजत नाही, पण महाग. चार किंवा सहा घरांचा साचा घेतला तर तासाला शेकडो गोळ्या पडतात, मात्र मनगटाला वजन पेलावे लागते. साचा थंड असला की गोळीच्या अंगावर सुरकुत्या येतात. फार तापला की ती दहिवर पडल्यासारखी पांढुरकी दिसते. या दोन्ही गोष्टी आबांनी मी वाचून दाखवण्याआधीच सांगितल्या.

धातूच्या बाबतीत तर आबांचे नातेच निघाले. निव्वळ शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण ते मऊ असते आणि साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरत नाही. त्यात कथील व अँटिमनी मिसळावे लागते. १८८६ मध्ये 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'च्या छापखान्यात लायनोटाइप यंत्र आले. त्या यंत्राच्या धातूत ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. ते सुमारे २४० अंशांनाच वितळते आणि कोपरा न् कोपरा भरते. ऑफसेट छपाई आल्यावर अमेरिकेतील छापखान्यांनी हा धातू विकला आणि पिस्तूलबाजांनी तो घेतला. लक्ष्याच्या मंद गोळीला इतका कडकपणा लागत नाही. शिवाय त्याच साच्यातून या धातूची गोळी अंमळ मोठी आणि हलकी निघते, तेव्हा साचा घेताना आपण काय ओतणार हे आधी ठरवावे लागते. म्हणून तो साध्या शिशात मिसळून पुरवून वापरतात.

"आणि आपल्याकडचे खिळे कुठे गेले हो आबा?" मी विचारले.

"किलोवर गेले. बॅटरीवाल्याकडं गेले असतील." फाउंड्री बंद झाली त्या दिवशी आबांनी 'ळ'चा एक खिळा खिशात टाकून आणला. तो अजून देवघराच्या फळीवर आहे. त्या कामाने त्यांना पोटशूळ दिला. शिशाने तो होतो, हे त्यांना फार उशिरा कळले. फाउंड्रीत उपाय म्हणून गूळ वाटत, एवढेच.

वाचकांपैकी कोणाला हा उद्योग करून पाहावासा वाटेल, म्हणून स्पष्ट सांगते. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि परवान्याशिवाय ते बनवता येत नाही. त्याची गरजही नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात ०.२२ चीच काडतुसे लागतात. माझ्यासारख्या नवशिकीला तर छर्रे पुरेत. ते कारखान्यातून तयार येतात. पण छर्ऱ्यालाही बूड असतेच, म्हणजे तो खालचा घेर. आणि डबी आपटली की तो चेपतो.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आदल्या रात्री मी डबी आबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, जुने भिंग काढले आणि एकेक छर्रा चिमट्याने उलटा करून पाहू लागले. ५०० पैकी ११ त्यांनी बाजूला काढले. मला त्यांतल्या सातांतच दोष दिसला. उरलेल्या चारांबद्दल मी हुज्जत घालू लागले, तोच त्यांनी डबीचे झाकण लावले आणि मला साबण घेऊन आधी हात धुवायला पिटाळले.