मोठा पंप उतरवण्याआधी थांबा!

नगरहून माल भरून निघालेली जुनी टाटा करंजी घाटात दम सोडते, पाच-दहा मिनिटे उभी केली की पुन्हा चालते. मालक घाबरून मोठा पंप उतरवायला सांगतो. आमचे मालक व मिस्त्रीबांधवांना सांगणे आहे, घाई करू नका. मायको कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले, पण आपल्याकडे हा पंप अजून मायकोच. तो खोलला की टायमिंग, कॅलिब्रेशन आणि मोठे बिल आलेच. खरा दोष पुष्कळदा त्याच्या अंगाला बसवलेल्या छोट्या फीड पंपात असतो.

आधी टाकीचे झाकण सैल करून पाहा. हवेचे छिद्र बुजले तरी डिझेल येत नाही. मग फिल्टर. त्यानंतर फीड पंपाचा बाहेरचा पाइप ढिला करून, स्टॉप ओढून सेल्फ मारा. डिझेल जोराने, धक्क्याधक्क्याने आले पाहिजे. बुडबुडे दिसले तर टाकीकडचा पाइप किंवा वायसर हवा घेतो. हाताने पंप मारल्यावरच गाडी चालत असेल, तर फीड पंपाचा व्हॉल्व्ह किंवा प्लंजर गेला समजा. मोठ्या पंपातील ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल, तर एक फेरीही मारू नये.

बदलताना जागा धुऊन घ्यावी. गॅस्केट व तांब्याचे वायसर नवेच टाकावेत. टायमिंगला हात लागत नाही. शेवटी आधी फिल्टरवरचा, मग पंपावरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. आणि जुना पंप न मागता मालकाच्या हाती द्यावा.