टाकीच्या तोंडाशी मापक

तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या कुंभवलीत नितळ पाणी म्हणजे चांगले पाणी, असे समजून चालत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होते; अशा जमिनीत काय मुरले आहे ते डोळ्यांना कळत नाही. गावोगावी भरवसा असतो तो ओटी टेस्टवर. नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर, पोचली. चाचणी चांगलीच, पण त्या घटकेपुरती. शिवाय वहीत आकडा लिहायला नळी लागतेच असे नाही.

ऑनलाइन क्लोरिन मापकाचे मोल इथे आहे. पाण्याची बारीक धार इलेक्ट्रोडवरून अखंड वाहते, क्लोरिनच्या प्रमाणात वीजप्रवाह उमटतो आणि त्यानुसार पीएलसी हा स्वयंचलित नियंत्रक डोसिंग पंपाची मात्रा बदलतो. आयएस १०५०० मानकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरिन हवा. तेवढा राखायला पंप अचानक जास्त क्लोरिन ओढू लागला, तर सांडपाणी किंवा अमोनिया पाण्यात शिरल्याचा संशय घ्यावा. कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये मे २०००मध्ये पावसाबरोबर शेणखतातले जंतू उथळ विहिरीत उतरले, तेव्हा तिथे असा मापक नव्हता आणि कर्मचारी वहीत मनचे आकडे भरत होते. ७ माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. सतत मोजणारे मापक असते तर हे टळले असते, असा चौकशी आयोगाचा निष्कर्ष होता.

यंत्र बिघडते, वीज जाते, हा आक्षेप खरा आहे. इलेक्ट्रोडवर थर बसला की आकडा खाली येतो आणि पंप उगाच क्लोरिन ओतत राहतो. म्हणून ओटीची नळी टाकून न देता तिनेच रोज मापकाची झडती घ्यावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जड धातू आणि कित्येक विद्रावके या मापकाला दिसत नाहीत, क्लोरिनने ती जातही नाहीत. तेव्हा इथल्या कूपनलिकेवर स्वयंचलित यंत्रणा बसवण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल हवा. तो वाईट असेल तर वसाहतीच्या वरच्या अंगाचे, सूर्या नदीचे पाणी घेणेच शहाणपणाचे. मात्र ते पाणीही याच जमिनीतून नळाने येणार. पुरवठा थांबून नळ रिकामा झाला की गळक्या सांध्यांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शुद्धीकरण केंद्रातल्या पडद्यावर यातले काहीच उमटणार नाही. त्यासाठी गावच्या टाकीच्या तोंडाशी दुसरा क्लोरिन मापक आणि शेजारी क्षारांची वाढ टिपणारा विद्युतवाहकता मापक बसवायला हवा.