संगणकप्रणालीची निवड : वैद्य व औषधालय-चालकांसाठी

औषधयोजना करताना आपण रुग्णाची प्रकृती, बल, देश व काल यांचा विचार करतो. चिकित्सालयासाठी संगणकप्रणाली घेताना मात्र विक्रेत्याचे प्रात्यक्षिक आणि किंमत एवढ्यावरच निर्णय होतो, असा आमचा अनुभव आहे.

पुनावळे येथे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान क्षेत्र शेजारीच असल्याने प्रणाली करून देणारे सहज भेटतात. ती पुढे सांभाळणारे दुर्मीळ असतात. आमच्या परिचयाच्या एका वैद्यांच्या रुग्णनोंदी युनिकोडपूर्व मराठी टंकात होत्या. संगणक बदलताच मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागली. आमवाताच्या एका जुन्या रुग्णास पूर्वी कोणता कल्प मानवला नव्हता, हे त्यांना रुग्णालाच विचारावे लागले.

देयके, साठा व रुग्णनोंदी सांभाळणारी आज्ञावली वेगळी आणि ती ज्यावर चालते ती पायाभूत प्रणाली वेगळी. पायाच कालबाह्य झाला की वरची आज्ञावलीही धोक्यात येते. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. म्हणून एकाच आवृत्तीला जखडलेली आज्ञावली टाळावी.

निवडीपूर्वी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, नोंदींची मुक्तता. मजकूर युनिकोडमध्ये असावा. दहा रुग्णांच्या नोंदी साध्या तक्त्यात काढून दुसऱ्या संगणकावर वाचून पाहाव्यात.

दुसरी, बदलाची सोय. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट व १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील कर १२ वरून ५ टक्के झाला. असा दर औषधालय-चालकास स्वतः बदलता यावा. बॅच क्रमांक व वापराची मुदत यांवरून साठा शोधता यावा.

तिसरी, प्रमाणित संज्ञा. आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' पोर्टलवर व्याधींच्या प्रमाणित संज्ञा व संकेतांक आहेत. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग प्रसिद्ध केला. निदानाशेजारी संकेतांकास जागा नसेल, तर आपल्या नोंदी पुढे तुलनेस व संशोधनास उपयोगी पडणार नाहीत.

चौथी, नोंदींचे स्थान. एकाच वैद्याच्या चिकित्सालयास एक संगणक व त्याबाहेर ठेवलेली रोजची प्रत पुरते. दोन-तीन शाखा असल्यास इंटरनेटवरील प्रणाली सोयीची. परंतु जोडणी तुटल्यावरही देयक निघावे आणि करार संपताच सर्व नोंदी परत मिळाव्यात, हे लेखी घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, काम दुसऱ्याकडे सोपविले तरी माहितीच्या रक्षणाचे उत्तरदायित्व सोपविणाऱ्याकडेच राहते.

प्रणाली आज ना उद्या बदलावीच लागेल. रुग्णाचा पूर्ववृत्तांत मात्र एकदा गेला की पुन्हा मिळत नाही. त्यामुळे प्रणालीत प्रवेश करण्याआधी तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्ग पाहावा, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.